‘कवडीचुंबक’ : एका उपहासवाचक शब्दाचा अर्थ, उगम आणि त्यामागील चलनेतिहास

प्रस्तावना

पैसा खर्च करण्यास कचरणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची मुळीच कंजुषी नाही. कृपण, कदर्य, कद्रू, कंजूष, चिकट, चिक्कू, चेंगट, कवडीचुंबक असे कितीतरी शब्द सहज आठवतात. यांतील काही संस्कृत ग्रंथांतून आले, काही हिंदीच्या शेजारातून आले आणि काही बाजारातच घडले. नागपूरच्या दक्षिण सीमेवरील बेसासारख्या परिसरात, जिथे जुने गाव आणि नवी वसाहत एकमेकांत मिसळली आहेत आणि मराठी-हिंदी एकाच वाक्यात नांदतात, तिथे महाविद्यालयीन मुलांच्या तोंडी ‘कंजूस’, ‘मक्खीचूस’ आणि अलीकडे ‘चिंधी’ हे शब्द अधिक ऐकू येतात. ‘कवडीचुंबक’ हा शब्द त्यांना ठाऊक असतो तो बहुधा पाठ्यपुस्तकातील समानार्थी शब्दांच्या यादीतून, नाहीतर आचार्य अत्रे यांच्या त्या नावाच्या नाटकामुळे. मोलिएरच्या 1668 सालच्या कृपणविषयक प्रहसनाचे हे मराठी रूपांतर. मूळ नाटकातील नायकाच्या नावात आकड्याने ओढून घेण्याचा अर्थ दडलेला आहे. अत्रे यांनी मराठीत आयता तयार असलेला शब्द शीर्षकासाठी उचलला आणि तो नेमका बसला.

प्रस्तुत लेखात या एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. भाषाभ्यासात शिवीवजा शब्दांकडे दुर्लक्ष होते. परंतु समाजाने कोणाला हसायचे ठरविले होते, हे अशा शब्दांतूनच अधिक स्पष्ट दिसते. कृपणतेविषयीचे जुने शब्द न देणाऱ्या श्रीमंताला उद्देशून होते. ‘कवडीचुंबक’पासून पुढचे अनेक शब्द मात्र लहानसहान रक्कम जपणाऱ्या माणसाला उद्देशून येतात. निंदेचा हा रोख कसा वळला, याचे उत्तर व्याकरणापेक्षा नाण्यांच्या इतिहासात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कृपण आणि कदर्य

‘कृपण’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘कंजूष’ असा नाहीच. तो आहे दीन, केविलवाणा, कीव करण्याजोगा. ‘कृपा’ आणि ‘कृपण’ हे एकाच कुळातील शब्द होत. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतो की, अक्षरतत्त्व न जाणता जो या लोकातून जातो तो कृपण. येथे पैशाचा काही संबंध नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळाच्या आशेने कर्म करणाऱ्यांना कृपण म्हटले आहे, आणि त्याच अध्यायात अर्जुन स्वतःच्या मनःस्थितीला ‘कार्पण्य’ म्हणतो. अर्जुन तेव्हा हिशेब करीत नव्हता, तो गळून गेला होता. जवळ असूनही जो भोगू शकत नाही आणि देऊही शकत नाही तो खरा दीन, या वाटेने शब्द पुढे कंजुषापर्यंत आला. लॅटिनमध्येही हेच घडलेले दिसते. तेथील ‘मिझर’ म्हणजे दुःखी, अभागी. त्यावरूनच इंग्रजीतील कंजुषासाठीचा ‘मायझर’ हा शब्द रूढ झाला. दोन दूरच्या संस्कृतींनी कंजुषाकडे आधी कीव करून पाहिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘कदर्य’ शब्दात कीव कमी आणि दोषारोप अधिक. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातील तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या एका धनाढ्य ब्राह्मणाची कथा येते. शेती आणि व्यापार यांतून त्याने संपत्ती जमविली. पण अतिथीला शब्दानेही गौरविले नाही, बायकामुलांना तर सोडाच, स्वतःच्या देहालाही पोटभर दिले नाही. पुढे काही धन आप्तांनी नेले, काही चोरांनी, काही राजाने आणि काही काळाने. एकनाथांनी शके 1495 मध्ये, म्हणजे इ. स. 1573 साली, वाराणसीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेत हा कदर्य मराठीत विस्ताराने उभा केला. नाथांच्या या चित्रणात उपहास भरपूर आहे, परंतु तो एका धनवंताचा उपहास आहे. शिवाय कथा तेथे संपत नाही. सर्वस्व गेल्यावर तोच माणूस भिक्षू होतो आणि लोकांचा छळ सोसत मनाविषयीचे गंभीर चिंतन मांडतो. कदर्याला सुधारण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे.

मराठी बोलीतील ‘कद्रू’ हा या कदर्याचाच वंशज की महाभारतात विनतेला कपटाने दासी करणाऱ्या कद्रूच्या नावावरून आलेला, असा प्रश्न उपस्थित होतो. अर्थाचा धागा पाहता कदर्याकडे कौल द्यावासा वाटतो. ध्वनीचे साम्य मात्र नागमातेच्या बाजूने आहे. बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही मिसळले असणे अशक्य नाही.

कवडी : मोजणीची पहिली पायरी

‘कवडी’ हा शब्द संस्कृत ‘कपर्दिका’पासून प्राकृतामार्गे आला. कवडी म्हणजे समुद्रातील एका लहान गोगलगायीचे कवच. भारतात चलन म्हणून वापरल्या गेलेल्या कवड्या प्रामुख्याने मालदीव बेटांतून येत. इ. स. 1343-44 च्या सुमारास तेथे काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले आहे की, सोन्याच्या एका दीनाराला चार लाख कवड्या मिळत आणि स्वस्ताईत बारा लाखांपर्यंतही मिळत. नाणे म्हणून कवडीचे गुण मोठे होते. ती झिजत नाही, कुजत नाही, तिची नक्कल करणे कोणाला परवडत नाही, आणि एक मूठ भाजी किंवा चिमूटभर मीठ घेण्याइतके लहान मूल्य तांब्याच्या नाण्यात बसविता येत नाही ते तिच्यात बसते.

मराठी मुलखाशी निगडित असा तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. ग्रंथ इ. स. 1150 चा. सह्याद्रीच्या परिसरातील या गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला, याची साक्ष चाळीसगावजवळील पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख देतो. ‘लीलावती’च्या प्रारंभी परिमाणे दिली आहेत. वीस वराटक, म्हणजे कवड्या, मिळून एक काकिणी; चार काकिणींचा एक पण; सोळा पणांचा एक द्रम्म; सोळा द्रम्मांचा एक निष्क. गणित शिकणाऱ्याने प्रथम कवडी मोजायची आणि मग निष्कापर्यंत चढायचे. या कोष्टकात कवडीविषयी तुच्छतेचा लवलेशही नाही. इमारतीची पहिली पायरी सर्वांत खाली असते, म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही.

याच कोष्टकातील ‘द्रम्म’ शब्दाचे नशीब पाहण्यासारखे आहे. हा मूळचा ग्रीक द्राख्मा. भास्कराचार्यांच्या हिशेबाने एका द्रम्मात 1280 कवड्या. त्याच घराण्यातून पुढे ‘दाम’ आला. अकबराच्या काळी चाळीस दामांचा रुपया होता. आणि दामाची ‘दमडी’ झाली, तेव्हा ती पैशाहूनही लहान उरली. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा एकेकाळी निष्काच्या शेजारी बसलेल्या नाण्याचे वारस नाव कंजुषाच्या हाती देत असतो. नाणे घसरले की त्याला धरून राहणारा माणूसही लोकांच्या नजरेत घसरतो.

नागपूरचे भोसले आणि ओडिशातील कवड्या

पश्चिम महाराष्ट्रात शिवकाळापासून तांब्याची शिवराई सर्वत्र खेळत होती. लहान व्यवहाराला तांबे उपलब्ध असल्याने कवडी तेथे हिशेबाच्या तळाशी गेली. पूर्वेकडे, बंगाल आणि ओडिशात, मात्र कवडी हेच सामान्य माणसाचे नाणे राहिले, आणि या पूर्वेशी मराठ्यांचा सर्वाधिक निकटचा संबंध आला तो नागपूरच्या भोसल्यांमुळे. रघूजी भोसले यांच्या बंगालवरील मोहिमांनंतर 1751 साली अलिवर्दीखानाशी तह झाला. बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये ठरले आणि ओडिशाचा महसूल भोसल्यांकडे आला. 1803 पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, कटकचा कारभार नागपूरच्या नावाने चालला.

या प्रांतात महसूल कवड्यांत मोजला जाई. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक कहाण. ‘कहाण’ म्हणजे प्राचीन कार्षापणाचे झिजलेले रूप. हिशेब केला तर एका कहाणात 1280 कवड्या येतात, म्हणजे भास्कराचार्यांच्या द्रम्माइतक्याच. सहाशे वर्षांच्या अंतराने, देशाच्या दोन टोकांना, कोष्टकाची संख्या हललेली नाही. चार कहाणांना एक रुपया धरला तर रुपयात 5120 कवड्या होतात. चौसष्ट पैशांनी भागले तर एका पैशाला बरोबर ऐंशी, म्हणजे पुन्हा एक पण. एका कवडीचे वजन साधारण एक ते दीड ग्रॅम धरले, तर रुपयाभर कवड्या सुमारे पाच ते पावणेआठ किलो भरतात. चांदीचा रुपया मात्र बारा ग्रॅमही नसे. कटकच्या रयतेने डोक्यावर वाहून आणलेले ओझे नागपुरात पोहोचेपर्यंत कारकुनाच्या वहीतील एक अंक, किंवा सावकाराची हुंडी, झालेले असे.

‘कवडीचुंबक’ हा शब्द नागपुरात जन्मला, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु कवडीकडे वरून पाहणारी नजर कोठून येते, हे समजण्यास हे उदाहरण उपयोगी पडते. ज्याचा हिशेब रुपयांत आहे त्याला कवडी हास्यास्पद वाटते. ज्याची मजुरीच कवड्यांत आहे त्याला ती मोजून घ्यावीच लागते, कारण गंड्यामागे एक कवडी कमी आली तरी त्याचा चौथा हिस्सा गेला.

17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींनी कटक प्रांत इंग्रजांना दिला. त्यानंतरचा घटनाक्रम आपल्याकडील इतिहासग्रंथांत फारसा येत नाही, कारण नागपूरचा संबंध तेथे संपतो. कंपनी सरकारने काही वर्षांतच कवड्या स्वीकारणे थांबवून महसूल रुपयांत मागितला. शेतकऱ्याकडे कवड्या होत्या, रुपये नव्हते. सरकारी खजिन्याने कवडीकडे पाठ फिरविताच तिचा भाव पडला आणि एका रुपयासाठी चारहून अधिक कहाण मोजण्याची पाळी आली. कर न वाढविताही कर वाढला. 1817 साली खुर्दा येथे बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली पाइकांचा उठाव झाला. इनाम जमिनी जाणे, मिठाची महागाई आणि ही कवडीबंदी, अशी त्याची कारणे इतिहासकारांनी नोंदविली आहेत. आपण ‘कवडीमोल भावाने जमीन गेली’ असे वाक्य अलंकार म्हणून लिहितो. तेथे ते शब्दशः खरे ठरले होते.

कवडीचा बाजार केवळ या उपखंडापुरता नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. युरोपीय कंपन्या मालदीवच्या कवड्या जहाजांत भरून पश्चिम आफ्रिकेकडे नेत आणि तेथे त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेत. गुलामांच्या व्यापारात कवडी हे रोख चलन होते.

चुंबक म्हणजे काय?

आजचा विद्यार्थी ‘कवडीचुंबक’ या समासाची फोड ‘कवड्या ओढून घेणारे लोहचुंबक’ अशी करतो. विज्ञानाच्या तासाचा तो परिणाम. कवडीला चुंबक चिकटत नाही, हे त्याला कोणी विचारीत नाही. संस्कृतात ‘चुंबक’ म्हणजे प्रथम चुंबन घेणारा. लोखंडाला जाऊन बिलगणाऱ्या दगडाला ‘चुंबक’ म्हटले तेही याच कल्पनेने. तेव्हा ‘कवडीचुंबक’ म्हणजे कवडीचे मुके घेणारा, तिला छातीशी धरणारा, असा अर्थ घेणे अधिक युक्त वाटते. अर्थातील हा फरक लहान नाही. ओढून घेणारा माणूस लोभी असतो, दुसऱ्याचे नेतो; मुके घेणारा स्वतःजवळचेच जपतो. पहिल्यापासून इतरांना धोका आहे, दुसऱ्यापासून फक्त हसू आहे. शब्दात मुळात होते ते हसू, आणि ते हसू पैशावरील प्रेमापेक्षा प्रेमाच्या विषयाच्या क्षुल्लकतेवर उभे आहे. निष्काचे मुके घेणाऱ्यासाठी मराठीने असा समास घडविला नाही.

मराठीतील वाक्प्रचारही याच दिशेने गेले आहेत. ‘उष्ट्या हाताने कावळा न हाकणे’ यात हाताला लागलेल्या शितांचा हिशेब आहे. हिंदीतून आलेल्या ‘मक्खीचूस’मध्ये तुपात पडलेल्या माशीचा आहे. ‘कंजूस’ची फोडही ‘कण चोखणारा’ अशी सांगितली जाते. मराठीने शेवटच्या ‘स’चा ‘ष’ करून त्या शब्दाला उगाच संस्कृताचे सोवळे नेसविले, ही गोष्ट वेगळी. शीत, माशी, कण, कवडी, दमडी : निंदा सदैव सर्वांत लहान वस्तूच्या आधाराने केली जाते. कदर्याने अतिथीला उपाशी पाठविले होते. शीत जपणाऱ्याने कोणाचे काय नेले, हे वाक्प्रचार सांगत नाही.

येथे ‘काटकसर’ या शब्दाची आठवण ठेवावी लागते. ‘कसर’ मूळ अरबी. अर्थ अपूर्णांक, तूट. खर्चातील तुकडे काटून तूट भरून काढणे, असा या जोडशब्दाचा भाव आहे. तोच व्यवहार, तीच मोजणी. कोणी केला तर काटकसर आणि कोणी केला तर कंजुषी, हे बहुधा करणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर ठरते. नागपूरपासून जवळच सेवाग्रामात गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत आणि पेन्सिलीचा तुकडा हरवला तर शोधीत. त्यांना कोणी चिकट म्हटले नाही. महिनाअखेरीस भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या गृहिणीला मात्र ते सहज म्हटले जाते.

‘चिकट’, ‘चिक्कू’ या शब्दांना एखाद्या व्यापारी समाजाचे नाव जोडण्याची सवयही आपल्याकडे आहे आणि ती वर्गातील विनोदांतही आढळते. अशा सामान्यीकरणाला वस्तुस्थितीचा आधार कितपत आहे, हे दोन उदाहरणांवरून पाहावे. तुकाराम महाराजांचे घराणे वाण्याचे. परंपरा सांगते की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. मारवाडी व्यापारी घराण्यातील जमनालाल बजाज यांनी 1928 साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले, आणि पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले गेलेले शेगाव हे त्यांच्याच मालगुजारीतील गाव. व्यापाऱ्याला पै-पैचा हिशेब ठेवावा लागतो, हे त्याच्या धंद्याचे लक्षण आहे, स्वभावाचे नव्हे.

कवडू आणि चिंधू

मुंबईच्या बोलीतून पसरलेला आणि आता नागपूरच्या तरुणांतही रुळलेला ‘चिंधी’ हा शब्द या मालिकेतील अलीकडचा. चिंधी म्हणजे फाटक्या कापडाचा तुकडा. हलके, क्षुद्र, पैशाला चिकटलेले, अशा सर्व अर्थांनी तो वापरला जातो. ‘चिंधीगिरी करू नको’ असे म्हणताना बोलणाऱ्याला कंजुषी सुचवायची असते, पण शब्द मात्र गरिबीचा वापरला जातो. ‘कवडीचुंबक’मध्ये निदान ‘चुंबक’ हा दोषाचा भाग वेगळा होता. येथे तोही उरला नाही. केवळ चिंधी असणे हाच दोष झाला.

आणि तरीही याच विदर्भात ‘कवडी’ आणि ‘चिंधी’ ही माणसांची नावे आहेत. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांतील जुन्या मतदारयाद्या किंवा शाळेतील दाखलखारीज रजिस्टरे चाळली तर ‘कवडू’ आणि ‘चिंधू’ ही नावे वारंवार भेटतात. आधीची मुले दगावलेल्या घरात मूल जन्मले की त्याला नावापुरते विकायचे आणि काही कवड्या देऊन परत घ्यायचे, किंवा चिंधीइतके टाकाऊ नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर जाणार नाही, अशी ही समजूत. बंगालमध्ये तिनकडी, पाचकडी ही नावे याच रीतीने आली. तुळजाभवानीचे आराधी आणि गोंधळी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, तिचा मान वेगळा. येथे मान नाही, उलट मूल्य नसण्याचाच आश्रय घेतलेला आहे. ज्या वस्तूला बाजारात किंमत नव्हती, तिच्या आडोशाला आईने मूल लपविले.

चिंधी या नावाचा दुसराही पदर आहे. वर्धा जिल्ह्यात 1948 साली जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी ‘चिंधी’ म्हणत, ते नको असलेली मुलगी म्हणून. एकाच शब्दाने एका घरात मुलाला वाचविले जाई आणि दुसऱ्या घरात मुलीला नाकारले जाई.

‘कवडू’ हे नाव आज नवजात बालकाला कोणी ठेवीत नाही. ते आढळते आजोबांच्या पिढीत, आणि नातवंडांच्या शैक्षणिक कागदपत्रांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाच्या रकान्यात. प्रवेशाच्या दिवशी अर्ज तपासताना हे नाव मोठ्याने वाचले गेले की रांगेत एखादे हसू उमटते. हसणाऱ्याला ‘कवडीचुंबक’ आठवत असतो.